चूलबंद आवतण

ऐका, पण हसायचं असेल तर आधी चहा खाली ठेवा. अंगावर सांडेल!

तरुणपणी आपण काय प्यायचो! वरातीत पहाटेपर्यंत नाचून सकाळी शेतात हजर. आता पन्नाशी आली. मागच्या वर्षी शुगर निघाली, तेव्हा बायकोने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तेव्हापासून घरात मी साधुपुरुष!

पण परवा बीडला दुकानाचा माल आणायला गेलो आणि कॉलेजातला बाळू भेटला. धरून नेलं मांजरसुंब्याच्या ढाब्यावर.

"बाळू, मला न्हाई जमत आता."

"कावून बे? म्हातारा झालास का?"

असं म्हटल्यावर माणूस गप्प बसतो का? एकच बियर घेतली. खरंच एकच! पूर्वी तेवढ्याने घसासुद्धा ओला होत नव्हता. पण गावात एसटीतून उतरलो तर आमची गल्लीच मला हलताना दिसली.

मग पुढचं फारसं आठवत नाही. लवंग चघळली, ही बचत गटाच्या मीटिंगला गेली होती, म्हणून गुपचूप गोधडीत शिरलो, एवढंच आठवतं.

सकाळी हिने हसून चहा दिला. काही कळलं नव्हतं! मी मनात म्हटलं, सुटलो रे बाबा.

अकराच्या सुमाराला शेजारची कौसाबाई दारात. हातात ताट-तांब्या. मागे सून, नातवंडं.

"काय गं, चूल पेटली न्हाई अजून?"

"कशाची चूल, मावशी?"

"अगं, तुझ्या मालकानं चूलबंद आवतण दिलंय की!"

आता चूलबंद आवतण म्हणजे काय, माहीत आहे ना? घरातल्या झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं, आपल्या घरी चूल पेटवायचीच नाही. दिलेलं आवतण परत घेता येत नाही. घेतलं तर गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही.

तेवढ्यात गल्लीतले दगडूअण्णा आले, सहकुटुंब. त्यांच्या मागे पलीकडची आळी. सगळ्यांच्या हातात ताट-तांब्या!

बायको माझ्याकडे वळली. "अहो, कशाचं जेवण हाय?"

मला तरी कुठं माहीत होतं? म्हटलं, "नवस! नवस होता माझा."

"कोनत्या देवाचा?"

मी कपिलधारचं नाव घेणार, तोच दगडूअण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "लाजतो कावून? चांगली गोष्ट हाय, सांग की."

मी डोळ्यांनी खुणा करतोय, तर ते आपले समोरच्यांना सांगायला लागले, "ह्यानं दारू सोडली, म्हनून जेवन हाय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोचा चेहरा फुलला. तिने घ्यायला लावलेली शपथ आता गल्लीत गाजत होती. मी पण छाती पुढे काढली. देव पावला म्हणायचा!

"व्हय गं," कौसाबाई पदर डोळ्याला लावत म्हणाली, "काल सांजच्याला माझ्या उंबऱ्यात बसून लई रडला बिचारा. 'मावशी, सोडली मी, थेंबाला शिवत न्हाई' म्हनला. आमी समद्यांनी लगेच इस्वास ठेवला."

मग हळूच बायकोजवळ सरकली.

"पर एक सांगू का? सोडल्याचं सांगताना तोंडाचा वास लई मारत हुता!"