साहेबांची विलायती सायकल

सज्जनहो, टोप्या काढून उभे राहा! उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका दुकानात विलायती सायकल अवतरली होती. एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट.

मांजर्लीचा एक दूधवाला कावड खांद्यावर घेऊन रोज चालत कॅम्पात यायचा. वाटेत उन्हाने दूध नासायचं. दुकानापाशी थांबून तो धोतराला हात पुसायचा आणि सायकलची घंटी हळूच वाजवायचा. दोनदा पैसे जमवून आला, दोन्ही वेळा भाव चढलेला. वर दुकानदार खेकसला, "हात मत लगा! साहेब लोगों का माल है."

तिथेच उभा राहून मी ऐकत होतो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी एका साहेबाने ती घेतली. चालवता येत नव्हती, म्हणून टांग्यात चढवली. दूधवाल्याने कावड खाली ठेवली आणि भर बाजारात तो ओरडला, "ओ साहेब, मग त्या घोड्याला तरी बसवा की सायकलवर!"