वाफ्यातलं गाडगं

आमच्या घरामागे साजाच्या लाकडाच्या फळ्यांनी चारी बाजूंनी बांधलेला, गुडघाभर उंचीचा मातीचा वाफा होता. बाबा बालाघाटच्या एका लाकूड डेपोत चौकीदार होते, टाकाऊ फळ्या तिथल्याच. नागपूरहून बुद्धाची दीक्षा घेऊन आले त्याच हिवाळ्यात त्यांनी तो बांधला. दोनतीन वर्षं झेंडू लावला, मग लक्ष काढून घेतलं. मी मॅट्रिक झाले तोवर त्यावर घाणेरीचं रान माजलं होतं. मायनं साफ करायचं काढलं की बाबा म्हणत, राहू दे, साप असंल.

त्या वर्षी पोळा झाला आणि किरनापूरच्या मावशीनं ओल्या पोत्यात गुंडाळून वांग्याची रोपं पाठवली. दोन दिवसांत लावली नसती तर वाळली असती. बाबा ड्यूटीवर गेले आणि मी विळा उचलला. माय आधी नको म्हणाली, मग तीच पदर खोचून आली. घाणेरीनं दोघींचे हात ओरबाडले. तरोटा सहज उपटला, पण कुंदा गवताच्या मुळ्या सुटेनात, म्हणून मी सब्बल, म्हणजे पहार, घातली. मधोमध ती विटेवर आपटली.

विटेखाली आणखी एक वीट होती, आणि तिच्याखाली मातीच्या परळानं तोंड झाकलेलं गाडगं. कुणीतरी करणी केली, हाच माझ्या मनात पहिला विचार आला. बाबांनी इतकं शिकवूनसुद्धा. मायनं परळ काढला. आत कुजलेलं फडकं होतं आणि फडक्यात चांदीचा एक टाक. पातळ पत्र्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती, बोटाएवढी. पूर्वी आमच्यात देवांचे करायचे तसे गेलेल्या माणसांचेही टाक करून देव्हाऱ्यात ठेवत.

"बुडीचा आहे," माय म्हणाली आणि तिथंच चिखलात बसली.

बुडी म्हणजे माझी आजी, बाबांची आई. मी जन्मायच्या आधीच गेलेली.

माझा विश्वास बसेना. दीक्षेनंतर बाबांनी अख्खा देव्हारा गाठोड्यात बांधून वैनगंगेत सोडला होता. मी लहान होते, पण कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले बाबा मला स्वच्छ आठवतात. माय काठावर रडत होती. वस्तीतल्या माणसांसमोर ते तिला म्हणाले होते की पत्र्याच्या तुकड्यांसाठी रडायचं नसतं. पुढे ज्यांच्याकडून देव सुटत नव्हते, त्यांच्या घरोघर जाऊन त्यांनीच समजावलं होतं.

म्हणून मी मायलाच म्हटलं, तूच लपवला असशील.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी लपवला असता, त लेकराले पाण्यात जाऊ देल्लं असतं?"

कोणतं लेकरू, ते मला कळेना. तिनं सांगितलं. माझ्याआधी तिला मुलगा झाला होता. दीड वर्षाचा होऊन तापानं गेला. हातातले तोडे मोडून तिनं त्याचा लहानसा टाक करवून घेतला होता. तो त्याच गाठोड्यात होता. मला भाऊ होता हे मला तिथं, हातात सब्बल असताना कळलं. त्याचं नाव तिनं घेतलं, तेही मी पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी बाबा आले. सायकल भिंतीला टेकवली आणि उघडा वाफा पाहून उभेच राहिले. टाक विटेवर ठेवलेला होता. मला वाटलं, ते चिडतील किंवा काहीतरी कारण सांगतील. ते खाली बसले.

"देव बुडवले मी," ते म्हणाले. "ही देव नव्हती. माय होती माही."

माय दारात होती. तिनं शांतपणे विचारलं, "अन् लेकराचा काहून नाही काढला?"

बाबांनी विटेवरचा टाक उचलला. मग म्हणाले, "त्याची याद नाही आली मले."

इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य कानावर पडलं तेव्हा अंगावरून जे गेलं ते अजून जसंच्या तसं आहे. खोटं बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं. माय आत गेली. चूल पेटवली, भाकरी थापल्या, आमची ताटं वाढली. ती स्वतः जेवली नाही.

सकाळी बाबा ड्यूटीवर गेले नाहीत. टाक कुठं ठेवू, असं त्यांनी मायला विचारलं. तिनं सांगितलं, तुमीच पुरला, तुमीच नीट पुरा, सासू होती माही. त्यांनी गाडगं पुन्हा खोल ठेवलं, माती चाळली, शेणखत कालवलं. रोपं आम्ही तिघांनी लावली, कडेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला. माय महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

वांगी भरपूर आली. त्या उन्हाळ्यात लामत्याला एका लग्नात कुणा पाहुण्यानं बाबांना विचारलं, लेकरं किती. एरवी ते 'एक पोरगी' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, दोन, मोठा गेला. आणि त्याचं नाव सांगितलं. माय माझ्या शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं, पण तिकडे पाहिलं नाही.