शेऱ्याचा रकाना

आमच्या बस डेपोत जिन्याखाली एक खोली आहे. बसमध्ये विसरलेल्या वस्तू तिथे जमा होतात. त्या खोलीत बारा वर्षं बसणाऱ्या बाईंना सगळा डेपो छत्रीबाई म्हणतो, कारण जमा होणाऱ्या वस्तूंत निम्म्या छत्र्याच असतात. मी याच डेपोचा हेडक्लार्क. उद्या कोणती बस कोणता ड्रायव्हर आणि कोणता कंडक्टर घेऊन जाणार, तो ड्यूटीचा तक्ता लावणं माझं काम. सव्वीस वर्षं केलं, चार महिन्यांनी निवृत्त होतोय. छत्रीबाईंविषयी लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "लिहा, पण खरं लिहा." म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. या बाईंचा मी कित्येक वर्षं मत्सर केला आहे.

बाई आधी कंडक्टर होत्या. गुडघा गेला म्हणून त्यांना त्या खोलीत बसवलं. आधीच्या माणसाने वस्तूंचा नुसता ढीग करून ठेवला होता. बाईंनी पहिल्या महिन्यात प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. कोणत्या बसमध्ये, कोणत्या सीटखाली, किती वाजता, कोणी आणून दिली. अक्षर मोठं आणि सुटं. मी एकदा विचारलं, "एवढं कशाला लिहिता? तुम्हाला तर सगळं तोंडपाठ असतं."

"आणि उद्या मी आले नाही तर?" बाई म्हणाल्या. "छत्री शोधायला माझ्या डोक्यात कोण शिरणार, भाऊसाहेब?"

दर शनिवारी त्या साऱ्या छत्र्या अंगणात उघडून ठेवत, वारा लागावा म्हणून. ड्रायव्हर-कंडक्टर चहाचे कप घेऊन तिथे जमत, थट्टा चाले. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत असे. माझ्या टेबलापाशीही दिवसभर माणसं येत, पण रजा मागायला नाहीतर रडगाणं गायला. चहा घेऊन कोणी आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी तक्त्यासाठी एका कंपनीचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणवला. निवड माझीच. कंपनीने आपल्या माहितीपत्रकात माझा फोटोही छापला; तो घरी फ्रेममध्ये आहे. त्याच कंपनीचा एक छोटा प्रोग्रॅम छत्रीबाईंनाही मिळाला. त्यात वस्तूंचे चारच प्रकार होते: छत्री, पिशवी, मोबाईल, इतर. एक दिवस दातांची कवळी आली. बाईंनी कंपनीला फोन केला. पाचवा प्रकार हवा असेल तर पुढची आवृत्ती घ्यावी लागेल, असं उत्तर मिळालं.

"कुणाचे तरी दात आहेत ते," बाई मला म्हणाल्या. "इतर म्हणून कसे टाकू?"

आठवड्याभरात त्यांनी तो प्रोग्रॅम काढून टाकला. भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरांतला एक उचलून आणला आणि त्यावर एक मुक्त प्रोग्रॅम बसवला. असा प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नसतो. तो कसा बनवलाय ते कुणालाही उघडून बघता येतं, हवा तसा बदलता येतो, आणि अडलं तर जगभरातली अनोळखी माणसं उत्तर लिहून पाठवतात. बाई विचारत गेल्या, चुकत गेल्या, तीन आठवड्यांत शिकल्या. त्यांच्याकडे वस्तूंचे तेवीस प्रकार झाले. कवळीला स्वतःची ओळ मिळाली. पुढे तिचे मालक आजोबा आले, तिथेच बसवून पाहिली आणि "माझीच" असं स्वच्छ म्हणाले. डेपोभर आठवडाभर तोच विषय होता. मी मीटिंगमध्ये म्हणालो, "फुकटची वस्तू किती दिवस टिकणार?" फक्त आवक-जावक क्लार्क हसला. त्याचा रजेचा अर्ज माझ्याकडे पडून होता.

इकडे माझा प्रोग्रॅम दिवसेंदिवस नखरे करू लागला होता. कंपनी दुसऱ्याने विकत घेतली. मग रोज सकाळी मोबाईलवर नंबर आल्याशिवाय तो उघडेना. तक्ता बाहेर काढायचा तर फक्त कागदावर छापून; दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला त्याची फाईल वाचताच येत नसे. शेऱ्याच्या रकान्यात वीस अक्षरं मावत. त्यामुळे कोणाची काय अडचण हे मी लिहीतच नव्हतो, डोक्यात ठेवत होतो. तक्रार कुणाकडे करणार? बायकोशी भांडून आणलेला सोफा टोचला तरी माणूस बोलत नाही, तसं माझं झालं होतं.

एका सोमवारी तो उघडलाच नाही. पडद्यावर ओळ आली: परवान्याची मुदत संपली आहे, आपल्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. ॲडमिनिस्ट्रेटर मीच होतो. कंपनीच्या फोनवर एक गोड आवाज, माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे, हे पाऊण तास सांगत राहिला. उद्याचा तक्ता तीन वाजता फळ्यावर लागायला हवा होता. खाली ड्रायव्हर जमू लागले.

"भाऊसाहेब, उद्या सुट्टी का सगळ्यांना?"

"बस घरी नेऊ का मग? बायकोला जरा फिरवून आणतो."

तेवढ्यात डेपो मॅनेजर आले आणि मला नको तेच बोलले, "छत्रीबाईंना विचारा ना."

बाई वर आल्या, गुडघ्यावर हात टेकत. म्हणाल्या, "तक्ता आहे माझ्याकडे. दोन वर्षांचा." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. वस्तू सापडली की त्या बसवर कोण होतं हे विचारावं लागतं, म्हणून त्या रोज फळ्यावरून नावं उतरवून स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये टाकत होत्या. माझी दोन वर्षं माझ्या कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद, आणि त्यांच्याकडे मोकळी! पाळीचा क्रम त्यांनी त्यावरून काढला आणि अडीच वाजता तक्ता तयार केला. लावण्याआधी माझ्यासमोर धरला. "भाऊसाहेब, एकदा नजर टाका."

मी नजर टाकली. बेचाळीस बसगाड्या, सगळं चोख. फक्त सतरा नंबरच्या बसवर दोन साडू एकत्र आले होते, एक ड्रायव्हर, दुसरा कंडक्टर. सासऱ्यांच्या घराच्या वाटणीवरून सहा वर्षं त्यांचं बोलणं बंद आहे. या सहा वर्षांत मी त्यांना एकदाही एका बसवर येऊ दिलं नव्हतं. बाईंना हे कळणं शक्यच नव्हतं. जे कधी घडलंच नाही ते नोंदीत कुठून दिसणार?

मी म्हणालो, "ठीक आहे. लावा."

त्या दिवशी घरी जेवताना बायको म्हणाली, "छत्रीबाईंचं नाव पाचव्यांदा घेतलंत. आमटी वाढू का, की त्यांनाच विचारू?"

मंगळवारी सतरा नंबरची बस निघाली. कंडक्टरने साडूसाठी बेल वाजवायची नाही असं ठरवलं, आणि ड्रायव्हरने बेल वाजल्याशिवाय थांबायचं नाही असं. सात थांबे गेले. शेवटी एका शिक्षिकेने स्वतः दोरी ओढली, उतरली आणि तडक डेपोत फोन केला. दोघांनाही मेमो मिळाला. मॅनेजरांनी आम्हाला बोलावलं.

"तक्ता कोणी केला?"

"मी," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कागद मीही पाहिला होता हे मी सांगितलं नाही. गेली अनेक वर्षं या बाई चुकाव्यात अशी माझी इच्छा होती. ती पूर्ण झाली तेव्हा मला धड मानही वर करता येईना.

जिन्यावरून उतरताना बाईंनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"काल, मी कागद धरला तेव्हा?"

"हो."

दोन पायऱ्या उतरून त्या म्हणाल्या, "आणखी काय काय माहीत आहे?"

मी उलटा फिरलो, वर गेलो आणि मॅनेजरांना सांगितलं की कागद मी पाहिला होता आणि मुद्दाम बोललो नाही. साडूंचे दोन्ही मेमो मागे घेतले गेले आणि तिसरा माझ्या नावाने निघाला. सव्वीस वर्षांतला पहिला. मग जिन्याखालच्या खोलीत गेलो. बाईंनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

"शेऱ्याचा रकाना केलाय," त्या म्हणाल्या. "अक्षरांना मर्यादा नाही. लिहा."

मी साडूंची सगळी हकिकत टाइप करू लागलो. बाईंनी थांबवलं. "हे सगळे वाचणार, भाऊसाहेब. दोघे एकत्र नकोत, एवढंच पुरे. का, ते त्यांच्या घरात राहू दे."

मी लिहीत गेलो. याला गुरुवारी वडिलांना दवाखान्यात न्यायचं असतं, सकाळपाळी नको. हिच्या नवऱ्याची रात्रपाळी, मुलं एकटी, हिला संध्याकाळी सोडा. याला पाठीचा त्रास, लांबचा मार्ग नको. माझ्या डोक्यात एवढी माणसं राहत होती याचा मलाच पत्ता नव्हता. मध्येच लक्षात आलं, प्रत्येक शेऱ्यापुढे तो लिहिणाऱ्याचं नाव आपोआप येत होतं. माझं नाव. जुन्या प्रोग्रॅमने अकरा वर्षं प्रत्येक कागदावर फक्त कंपनीचं चिन्ह छापलं होतं.

आता तक्ता आम्ही दोघं मिळून लावतो. माझ्या जागी येणारा माणूस जो कोण असेल, त्याला मला घरी फोन करावा लागणार नाही. हे चांगलं आहे, असं मी रोज स्वतःला बजावतो. मत्सर गेला असं मात्र लिहिणार नाही. बायकोने खरं लिहायला सांगितलं आहे. माझा बराचसा वेळ आता त्या खोलीतच जातो, आणि ड्रायव्हर चहा आणतात तेव्हा पहिला कप अजूनही बाईंपुढेच ठेवतात.

परवा मोजलं. रकान्यात बाईंचे एकतीस शेरे, माझे एकशे सोळा. काल त्यांनी बत्तिसावा टाकला. मी जेवणाच्या सुट्टीआधी दोन टाकले.