सात काडतुसं

गेल्या दसऱ्याला सीमेवरच्या आपट्याखाली धर्मादादा माझ्या कानाशी म्हणाले, "कुलकर्नी, आज संपली बघ." काय संपलं, हे मी विचारलं नाही. आकडा मला ठाऊक होता. त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा दारात उभा राहिला आणि चप्पल न काढताच म्हणाला, "काका, दादा गेले."

धर्मादादा खरवईपलीकडच्या आमच्या गावाचे पाटील. पाटीलकी कायद्याने केव्हाच गेली होती, गावाने ती जाऊ दिली नव्हती. सरपंच तेच, गाव पालिकेत गेल्यावर नगरसेवक तेच, पुढे उपनगराध्यक्षही तेच. मी अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यात स्टोअर्सला. आलेला-गेलेला प्रत्येक नग मोजणं हे माझं काम. गावाच्या कडेला घर बांधलं तेव्हा माझं आडनाव ऐकून ते खदखदून हसले. "गावाला पाटील व्हता, कुलकर्नी नव्हता. आता कारभार पुरा झाला!" पहिल्याच उन्हाळ्यात आमची बोअर आटली, तर न विचारता त्यांनी आपल्या विहिरीवरून आमच्या टाकीपर्यंत पाइप टाकून दिला.

त्यांच्या माजघरात दोन खुंट्यांवर आजोबांच्या वेळची एकनळी बंदूक असे. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि सोनं लुटण्याआधी सीमेवर एकच बार. "कान झाका रं!" दादा ओरडायचे आणि अख्खा गाव कानांवर हात ठेवायचा. परवाना त्यांच्या वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. मी तीनदा तरी बजावलं, "दादा, परवाना माणसाला मिळतो, घराण्याला नाही. अर्ज मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा." ते म्हणायचे, "बंदूक माझी हाय का? गावाची हाय. गावाच्या नावावर द्या म्हनावं."

उपनगराध्यक्ष झाले त्याच वर्षी कुणीतरी तक्रार केली. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पोलीस आले आणि शेजारचा सरकारी नोकर म्हणून मला पंच केलं. खुंटीवरून बंदूक निघाली, देव्हाऱ्याखालच्या बिस्किटाच्या डब्यातून काडतुसं निघाली. हवालदार लिहू लागला, 'काही काडतुसे'. मी म्हणालो, "काही हा आकडा नव्हे." आणि मीच ती पाटावर ओळीने मांडून मोजली. सात. दादा रिकाम्या खुंट्यांकडे बघत होते. "वर्साला एक," एवढंच म्हणाले.

उल्हासनगरच्या कोर्टात माझ्या साक्षीची पाळी यायला तीन वर्षं गेली. बंदूक नुसती पूजेची, असा दादांचा बचाव. त्यात जिवंत काडतुसांचीच काय ती अडचण होती. कॅम्प दोनमधल्या ऑफिसात त्यांचे सिंधी वकील मला म्हणाले, "साईं, झूठ मत बोलो. बस इतना बोलो, गिनती याद नहीं. पंचनामा अपने आप ढीला पड़ जाएगा." दादांनी हात वर केला. "त्याला नका शिकवू, वकीलसाहेब. त्याला आठवंल तसं तो बोलंल." त्यांनी एकदा 'विसर' म्हटलं असतं, तर मी... काय केलं असतं, मला अजून माहीत नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी सात म्हणालो.

सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती दंडावर आली, पण तोवर पद गेलं, पुढची निवडणूकही गेली. आमच्या टाकीत येणारं त्यांच्या विहिरीचं पाणी मात्र एक दिवसही बंद झालं नाही.

आणि दसराही चुकला नाही. रिकाम्या खुंट्यांना झेंडूची माळ, सीमेवर तीच मिरवणूक, तेच "कान झाका रं!" ज्यांनी तो बार कधी ऐकला नव्हता ती पोरंसुद्धा कान झाकायची. आवाज व्हायचा नाही... आपट्यावरचे कावळे जागचे हलायचे नाहीत. मग दादा पहिलं सोनं माझ्या हातात ठेवायचे आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "एक." पुढच्या वर्षी, "दोन." त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मागच्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो. दसऱ्याची माळ अजून खुंट्यांवरच होती, सुकून काळपट झालेली. "काढू का?" मी विचारलं. "राहू द्या, भाऊजी. त्यांनी बांधलीय." मी बराच वेळ तिकडे बघत बसलो. भानावर आलो तेव्हा माझे दोन्ही हात कानांवर होते. वहिनी कपबश्या उचलत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्या थांबल्या... बार होऊन जाईपर्यंत थांबावं तशा.