खंडेनवमीचा कॉम्प्युटर

आधीच सांगते, भूत, करणी, बाधा यातलं काहीही मी मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. त्यामुळे "ताई, घराची शांत करून घ्या" असले सल्ले नकोत. आईचे ते देऊन झालेत.

आम्ही दोघी तुळिंजला राहतो, आई आणि मी. बाबा टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी घरूनच इमारतींचे नकाशे काढते आणि घर त्यावरच चालतं. गेल्या खंडेनवमीला एका नव्या ऑफिसला चार वाजेपर्यंत नकाशे पाठवायचे होते. वेळ चुकली असती तर पुढचं सगळं काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

कॉम्प्युटर फार तापत होता, म्हणून सकाळी उघडला. प्रोसेसर काढला, त्याची उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, परत बसवला. तेवढ्यात आई हळदीकुंकू घेऊन हजर. बाबांच्या हत्यारांची पूजा झाली होती, आता याची पाळी.

"आई, थांब जरा, उघडा आहे तो!"

"देवाला काय उघडं नि काय झाकलेलं!" म्हणत तिने आत बोटभर कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला.

बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळी.

मी आईवर जाम भडकले. कुंकू प्रोसेसरखालच्या सॉकेटमध्ये गेलं असणार, दुसरं काय! प्रोसेसर पुन्हा काढला, भिंगातून पिना बघितल्या, ब्रशने साफ केल्या. रॅम काढून घातली, बोर्डावरचा सेल बदलला... काही नाही. दोन वाजले.

"तुझ्या बाबांनी पूजेला कधी नावं ठेवली नाहीत," एवढंच बोलून आई स्वयंपाकघरात गेली. मला रडूच येत होतं. नुसत्या रागाने पुन्हा एकदा बटण दाबलं.

चालू झाला!

पावणेचारला नकाशे गेले. आईने खुश होऊन चालू कॉम्प्युटरचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग मी मशीन बंद करून झाकण लावायला गेले — तर प्रोसेसरला वीज देणारी वायर जोडलेलीच नव्हती! पूजेच्या गडबडीत मीच विसरले होते आणि नंतर सगळा संशय कुंकवावर. ही वायर नसेल तर पंखे फिरतात, पण कॉम्प्युटर सुरू होत नाही. होऊच शकत नाही.

"नंतर निघाली असेल" म्हणणाऱ्यांनो, तिला खटका असतो, तो दाबल्याशिवाय ती निघत नाही. शिवाय आईचा फोटो आहे. स्क्रीनवर माझा नकाशा, बाजूला झेंडू आणि त्यामागे लोंबणारी वायर. झूम करून पन्नास वेळा बघितलाय. नंतर मुद्दाम वायर काढून किती वेळा चालू करून पाहिला. एकदाही झाला नाही. वायर लावली की लगेच सुरू.

का, कसं, मला आजही माहीत नाही. मी डोकं खाजवायचं थांबवलेलं नाही.

आई म्हणते, बाबाच आले होते. मी नाही मानत. बाबांना मी ओळखते. सुटी वायर दिसली असती तर ते आधी ओरडले असते, "डोळे कुठे ठेवलेस गं?" आणि मग हात लावला असता.

त्या दिवशी कोणी ओरडलं नाही. ओरडलं असतं ना, तर मी सरळ मानलं असतं.