फोटोबाईंचे दोन नर

ऑफिसात फोटोबाईंचा भारी दरारा. एकदा नजरेखालून गेलेला बिबट्या त्या विसरत नसत. नवऱ्याचा वाढदिवस मात्र दरवर्षी विसरायच्या. जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो आले, की अंगावरच्या ठिपक्यांवरून जनावर ओळखायचं, हे त्यांचं काम. आणि जंगल तरी कसलं! चहूबाजूंनी हमरस्ते, मध्ये अडकलेला हिरवा तुकडा. बाहेरून एकही बिबट्या आत येत नव्हता.

आत नर दोन. काठवाला आणि रस्तेवाला, ही नावंही बाईंचीच. दोन आहेत म्हणून तर बाहेरून नर आणून सोडायची मागणी वरच्यांनी दोनदा फेटाळली होती. यंदाची बिबट्यांची यादी आज वर जायची होती.

सकाळी कॅमेरेवाल्या मामांनी नवं कार्ड आणून दिलं. पहिल्या फोटोत रस्तेवाला, उजवी कूस कॅमेऱ्याकडे. दुसऱ्यात तो थबकून थेट बाईंकडे बघत होता. तिसऱ्यात माघारी वळला होता, आणि त्याच्या डाव्या कुशीवर काठवाल्याचे ठिपके होते.

बाईंनी दोघांचे जुने फोटो शेजारी ठेवले. ओढ्याकाठचा कॅमेरा कायम डावी बाजू टिपायचा, रस्त्याकडचा उजवी. दोन्ही कुशींचे ठिपके वेगळे असतात, हे नव्या माणसांना शिकवायच्या त्याच!

त्यांनी पिल्लांचे फोटो मांडले. चौदा पिल्लं. प्रत्येकाच्या शेपटीला टोकाशी मोड, एकाच जागी. "कुठेतरी अडकली असेल," मामा एकदा म्हणाले होते. चौदा शेपट्या कुठे अडकतात हो?

फोटो घेऊन त्या साहेबांकडे गेल्या.

"बाई, चार दिवसांनी रिटायर होताय," साहेब म्हणाले, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?"

"नराच्या रकान्यात एक लिहा, साहेब."

"मग या पिल्लांचा बाप?"

"तोच."

"आणि यांच्या आया?"

बाईंनी तीन माद्यांचे फोटो पुढे सरकवले. "यासुद्धा त्याच्याच मुली. शेपटीचे मोड त्यातूनच."

साहेबांनी हात मागे घेतला. मग साहेबांनीच वरच्यांना फोन फिरवला, दोन वाक्यं बोलले आणि अडखळून रिसीव्हर बाईंच्या हातात दिला.

"दुसरा नर मेला का?" पलीकडून विचारलं.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "तो जन्मलाच नव्हता. सहा वर्षं मीच त्याला जिवंत ठेवला होता."