वरातीच्या गाण्यातली हाक

तलवाड्यात लग्न कुणाचंही असो, वरात निघाली की कडूबाई रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची. पहिलं गाणं लागायचं, पोरं नाचायला लागायची, आणि ती पाठ फिरवून निघून जायची. आमंत्रण नसताना येते म्हणून गावातल्या कौशल्याबाई टोमणा मारायच्या, एवढी पायपीट केलीस तर जेवून तरी जा. कडूबाई हसण्यावारी न्यायची.

दर वरातीत पहिलं लागणारं ते गाणं तेव्हा सगळ्या जिल्ह्यात वाजत होतं. ढाब्यांवर, ट्रकांत, रसवंतीवर. मुळात ते वरातीचं नव्हतंच.

कडूबाईच्या घरी मेंढरं. मेंढीचं पिल्लू मेलं की ती दुसऱ्या पोरक्या पिल्लाला जवळ येऊ देत नाही. मग मेलेल्याचं कातडं पोरक्याच्या अंगावर बांधतात, आणि घरातली बाई तिच्या कासेला हात लावून हळू आवाजात गात बसते, मेंढी पान्हा सोडेपर्यंत. कडूबाईची बारा वर्षांची उज्ज्वला हे काम आईपेक्षा चांगलं करायची. आधी एक लांब हाक, मग गाणं. चाल तिची स्वतःची.

केदारनाथचं मांजरसुंब्याला कॅसेटचं दुकान होतं. बहिणीकडे तलवाड्याला आला असताना त्याने ते ऐकलं आणि टेपवर भरून घेतलं. स्वतःचा आवाज ऐकून उज्ज्वला इतकी हसली, की मेंढी बिचकून उठली.

त्या हिवाळ्यात मेंढरांमागे रानात असताना उज्ज्वला तापाने गेली. तिचा फोटो कधी काढलेला नव्हता.

पुढच्या लग्नसराईत तीच चाल वरातीत ऐकू आली. केदारनाथकडे लेकीची टेप असणार, एकदा तिचा आवाज ऐकू, म्हणून कडूबाई निघाली. शेजारीण म्हणून सोबत मी होते.

केदारनाथ बराच वेळ कॅसेटी इकडच्या तिकडे करत राहिला. त्याने ती चाल एका गाणारणीकडून गाऊन घेतली होती, लय वाढवून, मागे कॅसिओ घालून. आणि दुकानाच्या सवयीने मूळ टेप पुसून तिच्यावर भजनं भरली होती.

"मावशी, गाणं राहिलं न्हाई," तो म्हणाला. "पर सुरवातीची हाक तिचीच हाय. ती कुणालाच जमंना, म्हणून तशीच ठेवली."

त्याने लावून दाखवलं. हाक संपून ढोलकी सुरू झाली, तशी कडूबाई उठली.

माझ्या घरी टेपरेकॉर्डर होता. घरी येऊन हाक ऐक म्हटलं तर यायची नाही. बंद घरात रडू फुटतं, वरातीत कुणाचं लक्ष नसतं, म्हणायची.

भाचीच्या लग्नात मी लाउडस्पीकरवाल्या रामेश्वरला सांगून ठेवलं, की हाक संपली की गाणं थांबव, कॅसेट मागे घे आणि पुन्हा हाक लाव. त्याने गाणं थांबवलं. नाचायला सरसावलेली पोरं कुरकुरली. कडूबाईने माझा हात धरला.

"नगं, बाई. घडीघडी मागं घेतली तर फीत झिजंल. मग हे बी जाईल."

मी रामेश्वरला खूण केली. ढोलकी वाजू लागली, पोरं नाचू लागली, आणि कडूबाई गर्दीतून वाट काढत घराकडे गेली.